किडीला गुरू मानणारे शास्त्रज्ञ : सर अल्बर्ट हॉवर्ड

पिकावर कीड पडली की शेतकरी दुकानात जातो आणि औषध आणतो. विषाला औषध म्हणण्याची ही रीत आपल्या बोलीत इतकी रुळली आहे, की त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानीही येत नाही. कीड का पडली आणि विषावाचून ती आवरता येईल का, हे विचारायचे झाले तर कोणाकडे जावे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा अनुत्तरितच राहतो. या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यात ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या कार्याची मुख्य भूमी भारत होती आणि त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृषिपद्धती होळकरांच्या इंदूर नगरीचे नाव घेऊन जगभर गेली.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कासल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस येथे कवकशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. उसावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे आणि त्यावर उपाय सुचवणे हे त्यांचे काम होते. पण स्वतःच्या ताब्यात एक वाफाही नसताना मळेवाल्यांना सल्ला द्यायचा, ही गोष्ट या शेतकऱ्याच्या मुलाला खटकू लागली. सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसत होता. तो ज्या जमिनीत, ज्या पाण्यावर आणि ज्या मशागतीत वाढला, ती परिस्थिती मात्र दिसत नव्हती. १९०३ ते १९०५ या काळात इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप या वेलीवर काम केले, तेव्हाही हाच विचार त्यांच्या मनात दृढ होत गेला.

१९०५ मध्ये ते भारतात आले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था उभी राहत होती आणि अमेरिकी दानशूर हेन्री फिप्स यांच्या देणगीचा तिला हातभार लागला होता. त्या संस्थेत हॉवर्ड शाही आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएल या केवळ शास्त्रज्ञाच्या पत्नी नव्हत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर त्यांनी केलेले संशोधन विद्वन्मान्य झाले होते. पुढील पंचवीस वर्षांतील बहुतेक काम या दोघांचे आहे, आणि ते एकट्या अल्बर्ट यांच्या नावावर जमा होणे हा इतिहासाचा नेहमीचा पक्षपात होय. गव्हाच्या ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ या वाणांनी दोघांनाही कीर्ती मिळवून दिली.

परंतु हॉवर्ड यांच्या जीवनाला वळण देणारी गोष्ट संस्थेच्या कुंपणाबाहेर होती. पुसाच्या आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांची पिके त्यांना आश्चर्यकारकरीत्या निरोगी दिसली. त्या शेतकऱ्यांजवळ ना कीटकनाशक होते, ना बुरशीनाशक. डीडीटीचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. लेड आर्सेनेट, निकोटीन आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण ही त्या काळाची फवारण्याची साधने होती; तीही या गावांत पोहोचली नव्हती. मग पीक टिकते कसे? युरोपात शिकून आलेल्या शास्त्रज्ञाने अशा वेळी शेतकऱ्यांना शिकवायला निघावे, अशी रीत होती. हॉवर्ड यांनी उलटे केले. त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्याबरोबर किडी व रोगांनाही आपले प्राध्यापक मानले. कीड हा शत्रू नसून तपासनीस आहे, अशी ही दृष्टी होती. वाण जागेला अनुरूप नसेल, जमिनीत हवा खेळत नसेल, पाणी साचत असेल किंवा सेंद्रिय अंश संपला असेल, तर तिथे ती येते आणि चूक दाखवून देते. तिला मारून टाकले, की चूक तशीच राहते आणि दाखवणारा तेवढा नाहीसा होतो.

हे पारखण्यासाठी त्यांनी जमीन मागितली आणि काही काळाने त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. या शेतात विषारी फवारणी करायची नाही, असा त्यांनी दंडक घातला. स्थानिक शेतकऱ्यांची फेरपालट, कडधान्याचे मिश्रपीक आणि शेणखताचा वापर त्यांनी उचलला, निचऱ्याकडे विशेष लक्ष दिले. १९१० च्या सुमारास आपण फवारणीवाचून निरोगी पीक घेऊ शकतो, अशी त्यांची खात्री झाली. पुढे त्यांनी शेतावरच्या बैलांचेही निरीक्षण केले. शेजारच्या गोठ्यात लाळ्या-खुरकताची लागण झालेली जनावरे होती, मध्ये फक्त एक बुटके कुंपण होते. दोन्हीकडची जनावरे एकमेकांच्या नाकाला नाक लावत, तरीही हॉवर्ड यांचे बैल आजारी पडले नाहीत. सकस जमिनीत वाढलेल्या चाऱ्याचा हा परिणाम आहे, असे त्यांनी मानले.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. निरीक्षण खरे असले तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष तितकाच पक्का असतो, असे नाही. थोड्या जनावरांवरून रोगप्रतिकाराचा सिद्धांत मांडता येत नाही, हा समकालीन शास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त होता. त्या काळी गुरांचे कळप संपवणारी बुळकांडी २०११ मध्ये जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले, ते खतामुळे नव्हे तर लसीकरणामुळे. प्रत्येक रोगाचे मूळ मातीत शोधण्याचा हॉवर्ड यांचा आग्रह उतारवयात अधिकच टोकाचा झाला. पिकाचे आरोग्य मातीपासून सुरू होते, एवढा त्यांच्या विचाराचा गाभा मात्र पुढील संशोधनाने खोडून काढला नाही.

पुसाच्या संस्थेत कीटक एका खात्याकडे, बुरशी दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे अशी वाटणी होती. एका शेतातील एकाच रोपट्याविषयी बोलताना चार खात्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागत. हॉवर्ड यांचे काम इतरांना अतिक्रमण वाटू लागले आणि त्यांनाही स्वतंत्र संस्थेची निकड भासू लागली. ती संधी कापसाने दिली. १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली होती आणि कापसावरील उपकरातून संशोधनाला पैसा मिळू लागला होता. या कमिटीच्या आणि मध्य भारतातील संस्थानांच्या साहाय्याने १९२४ मध्ये इंदूर येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले आणि मध्य भारत व राजपुतान्यातील संस्थानांचे कृषी सल्लागार म्हणूनही काम पाहू लागले.

इंदूरची काळी जमीन विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही. पावसात चिकट, उन्हात भेगाळणारी, आणि शेण सरपणाला जात असल्याने खताला सदैव भुकेलेली. शेणखत अपुरे पडते, तर शेतातला सगळा काडीकचरा खताच्या कामी का आणू नये, हा हॉवर्ड यांचा प्रश्न होता. संस्थेतील रसायनशास्त्राचे सहकारी यशवंत वाड यांच्या साथीने त्यांनी जी रीत बसवली, तीच पुढे इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा. त्यात पालापाचोळा, तण, पिकांचे अवशेष यांचा थर, त्यावर शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख. मग पुन्हा तसेच थर. पाणी बेताचे, कारण खड्डा चिंब झाला की हवा कोंडते आणि खत कुजण्याऐवजी सडते. पंधरा दिवसांनी पहिली, महिन्याने दुसरी आणि दोन महिन्यांनी तिसरी चाळणी. सुमारे ९० दिवसांत खत तयार. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या टणक असल्याने लवकर कुजत नाहीत. त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरून ठेवल्या जात आणि गाड्यांच्या चाकांखाली आपोआप चेचल्या जात. यंत्र नाही, वीज नाही, विकत आणायचे काही नाही.

या संस्थेत मजुरांची मजुरी वेळेवर देणे, कामाचे तास बेताचे ठेवणे आणि औषधपाण्याची सोय करणे यांवरही हॉवर्ड यांचा कटाक्ष होता. समाधानी मजुरावाचून चांगली शेती होत नाही, असे ते मानत. पद्धतीचे स्वामित्व घेऊन पैसा मिळवण्याचा विचार त्यांनी केला नाही. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड यांचे शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात ही कृती मापांसह खुली करून दिली गेली.

पण या यशावर दुःखाची छाया होती. १९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. १९३१ मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्यांचे उत्तराधिकारी जॅक्सन आणि वाड यांनी गावातील व शहरातील केरकचरा व मैला यांच्या विल्हेवाटीसाठी हीच पद्धत पुढे नेली. १९३५ मध्ये महात्मा गांधी यांनी इंदूरच्या संस्थेला भेट देऊन हे काम पाहिले. केनियातील कॉफीचे मळे आणि आसाम व सिलोनमधील चहाचे मळे यांच्यापर्यंत ही रीत पोहोचली. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना सर हा किताब मिळाला. १९४० मध्ये ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक आले. ते वाचून प्रभावित झालेल्या जेरोम रोडेल यांनी १९४२ मध्ये अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे मासिक सुरू केले. प्रयोगशाळांतील अनेक सहकाऱ्यांनी मात्र हॉवर्ड यांना हट्टी ठरवले, आणि त्यांच्या लिखाणाचा तिखट सूर पाहता त्यात सगळा दोष त्या सहकाऱ्यांचाच होता असे म्हणता येत नाही.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे हॉवर्ड यांचे निधन झाले. १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणारे पॉल म्युलर यांना पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाले. जग कोणत्या दिशेने निघाले होते, हे यावरून दिसते. भारतात १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेलेले पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली आणि १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा झाला. ज्या कापसाच्या पैशावर इंदूरची संस्था उभी राहिली, त्याच पिकावर पुढे देशातील कीटकनाशकांचा मोठा वाटा खर्च होऊ लागला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अनेकांजवळ हातमोजे वा मुखपट्टीही नव्हती, आणि आपण काय फवारतो आहोत हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

खरे तर थोडी माहिती त्या डब्यावरच असते. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टणावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. सोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असतो. म्हणूनच विषबाधा झालेल्या माणसाला डॉक्टरांकडे नेताना डबा किंवा ते पत्रक बरोबर नेणे जीव वाचवणारे ठरू शकते. कृषी विज्ञान केंद्रे, कृषी विद्यापीठे आणि २००४ पासून सुरू असलेली किसान कॉल सेंटरची दूरध्वनी सेवा यांची भिस्त कीटकनाशकांच्या विक्रीवर नसते, त्यामुळे त्यांचा सल्ला दुकानातील सल्ल्यापेक्षा निराळा असू शकतो. निंबोळी अर्क, कामगंध सापळे, सापळा पिके, ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक आणि किडीची संख्या नुकसानीच्या पातळीला पोहोचल्यावरच फवारणी, हे आज एकात्मिक कीड व्यवस्थापन या नावाने शिकवले जाते. हॉवर्ड यांना यातील शेवटची फवारणीही मान्य झाली नसती. फेरपालट, मिश्रपीक आणि सेंद्रिय खत ही त्याची पहिली पायरी मात्र पुसाच्या शेतकऱ्यांकडून त्यांनी शिकली तीच आहे.

गॅब्रिएल यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये हॉवर्ड यांनी त्यांची धाकटी बहीण लुईस हिच्याशी विवाह केला होता. पतीच्या पश्चात लुईस यांनी त्यांच्या भारतातील कामाचा साद्यंत वृत्तांत लिहिला आणि तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या बहिणीचा वाटा कोणता होता, तेही त्यांनी नोंदवून ठेवले आहे.