गानहिरा हिराबाई बडोदेकर

शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीकडील एखाद्या खेड्यात नमन-खेळ्यांचा कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल. मृदंगाच्या तालावर गवळणी पुढे येतात, लाजतात, मुरडतात, कृष्णाशी हुज्जत घालतात. पदराआड दडलेल्या त्या गवळणी म्हणजे परंपरेने गावातीलच पुरुष असतात. हे ठाऊक असूनही पाहणारे त्यांत रंगून जातात. खेड्यातील अंगणात जी रीत, तीच एके काळी मराठी रंगभूमीवरही होती. सुभद्रा, रुक्मिणी, वसंतसेना या साऱ्या नायिका पुरुषच रंगवीत. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी या कलेला अत्युच्च शिखरावर नेले होते. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या काही होत्या. परंतु प्रतिष्ठित समाज त्यांच्याकडे आदराने पाहत नसे. गाण्याचीही तीच गत होती. चार लोकांत बसून गाणारी स्त्री कितीही गुणी असली, तरी तिच्या गुणांपेक्षा तिच्या कुळाचीच चर्चा अधिक होई. हे चित्र पालटण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, त्या हिराबाई बडोदेकर यांची ही कथा आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मे महिन्यात मिरज येथे झाला. त्यांचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ हे किराना घराण्याचे थोर गायक होते. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला होता आणि त्या गावावरूनच घराण्याचे नाव पडले. तरुणपणी खाँसाहेब बडोदे संस्थानच्या दरबारी आले. तेथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्यापाशी गाणे शिकू लागली. गुरुशिष्यांचे मन जुळले. परंतु धर्म, जात आणि सरदारी प्रतिष्ठा यांच्या भिंती आड होत्या. दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबईमार्गे पुढे मिरजेस बिऱ्हाड केले. सरदारकन्येने ऐश्वर्य मागे टाकले ते केवळ स्वरांच्या आणि एका माणसाच्या ओढीने. अशा या जोडप्याच्या पोटी दोन मुलगे आणि तीन मुली जन्मास आल्या. घरात हिराबाईंना चंपाकली म्हणत.

पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या घरात तंबोरा वाजत असे. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. दूरदूरचे विद्यार्थी तेथे राहून शिकत. घरातील मुलांच्या कानांवर जे स्वर सहज पडत, त्यांसाठी इतरांना वर्षानुवर्षे गुरुगृही राबावे लागे. प्रसिद्ध आईबापांच्या पोटी जन्म घेण्याचे हे एक भाग्य होय.

परंतु अशा भाग्याला दुसरी बाजूही असते, आणि ती हिराबाईंना लवकरच दिसली. काही वर्षांनी खाँसाहेब आणि ताराबाई यांचे पटेनासे झाले. स्वाभिमानी ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांची नावे बदलली. थोरला अब्दुल रहमान हा सुरेशबाबू माने झाला, सकीना ही सरस्वती झाली आणि चंपाकली ही हिराबाई झाली. ज्या नावाने मैफलीचे दार आपोआप उघडले असते, ते वडिलांचे नावच आता मुलांच्या मागून निघून गेले. मातेच्या माहेरची आठवण तेवढी बडोदेकर या आडनावात उरली. घराचा डोलारा सांभाळायचा होता आणि हाती भांडवल होते ते केवळ गळ्यातील स्वरांचे.

हिराबाईंनी थोरले बंधू सुरेशबाबू यांना गुरू मानले. सुरेशबाबू हे अत्यंत विचारी आणि शांत वृत्तीचे गायक होते. पुढे किराना घराण्याचेच दुसरे श्रेष्ठ उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाईंना तालीम मिळाली. खाँसाहेबांना ऐकू कमी येई. परंतु स्वरांवरील त्यांची नजर विलक्षण कठोर होती. एकेक स्वर हळूहळू उलगडीत राग वाढवावा, घाई करू नये, स्वराला स्वर जुळल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये, ही या घराण्याची शिस्त आहे. हिराबाईंचा आवाज मुळातच गोड आणि निर्मळ होता. या शिस्तीने त्या गोडव्याला खोली आली.

१९२१ साली मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयाची संगीत परिषद भरली होती. त्या परिषदेत हिराबाई प्रथमच जाणकारांपुढे गायल्या. वय अवघे सोळा वर्षांचे. समोर मुरलेले गवई आणि चोखंदळ श्रोते. अशा सभेत एका कोवळ्या मुलीने गावे, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. तिचे गाणे ऐकल्यावर नवलाची जागा कौतुकाने घेतली.

येथून हिराबाईंच्या कार्याला आरंभ झाला. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीने हावभाव करून गावे, श्रोत्यांच्या फर्माइशींपुढे मान तुकवावी, असा रिवाज होता. हिराबाईंनी तो रिवाज निमूटपणे बाजूस सारला. अंगावर साधे लुगडे, डोक्यावर किंवा खांद्यावर नीट घेतलेला पदर, दोन तंबोऱ्यांच्या मध्ये स्थिर बैठक आणि मुद्रेवर शांत भाव, अशा रीतीने त्या गायला बसत. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही की व्याख्यान दिले नाही. गाण्याशिवाय दुसरे काहीही ऐकण्याची वा पाहण्याची अपेक्षा घेऊन कोणी येऊ नये, एवढे त्यांच्या बैठकीवरूनच कळत असे. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्री-गायिकांमध्ये हिराबाईंची गणना होते. ज्याला गाणे ऐकावयाचे आहे त्याने तिकीट काढावे आणि थिएटरात येऊन बसावे. मग तो श्रीमंत असो वा कारकून. गाणे धनिकांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडले आणि घरंदाज स्त्रियाही आपल्या मुलींना सोबत घेऊन मैफलीस येऊ लागल्या.

१९२९ साली या कुटुंबाने आणखी एक धाडस केले. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढून त्यांनी संगीत नाटके रंगभूमीवर आणली. पाचही भावंडांनी त्यात अंग घातले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’ नाटकात हिराबाई सुभद्रा झाल्या. पुरुषांच्या भूमिका पुरुषांनी आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी कराव्या, ही आज आपणांस अगदी साधी वाटणारी गोष्ट. परंतु बालगंधर्वांची सुभद्रा ज्यांच्या डोळ्यांत भरून राहिली होती, त्या प्रेक्षकांपुढे खऱ्याखुऱ्या स्त्रीने त्याच भूमिकेत उभे राहणे सोपे नव्हते. एकीकडे तुलना आणि दुसरीकडे निंदा, असा दुहेरी मारा सोसण्याची तयारी ठेवावी लागे. हिराबाई अभिनयात बालगंधर्वांच्या तोडीच्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या गाण्यातील माधुर्याने आणि रंगमंचावरील शालीन वावराने लोकांच्या मनातील शंका हळूहळू विरू लागल्या. पुढे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या कुलीन स्त्रियांनी भूमिका केल्या, तेव्हा पायवाट काहीशी मळलेली होती.

नाटक कंपनी चालविणे म्हणजे हत्ती पोसण्यासारखे. नटांचे पगार, पडदे, पोशाख, प्रवास आणि भोजन यांचा खर्च थांबत नसतो. त्यातच १९३१ साली हिंदी आणि १९३२ साली मराठी बोलपट अवतरले. प्रेक्षक तिकडे धावू लागले आणि एकामागून एक नाटक मंडळ्यांवर पडदा पडू लागला. हिराबाईंची मंडळीही काही वर्षांतच बंद झाली आणि मागे राहिला तो कर्जाचा डोंगर. अशा वेळी हात झटकून मोकळे होणारे पुष्कळ असतात. हिराबाई त्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा तंबोरा हाती घेतला, गावोगाव मैफली केल्या आणि घेतलेले पैसे फेडले. कंपनी बुडाली, परंतु शब्द बुडाला नाही. नाटकातील यशापेक्षा हे यश लहान म्हणता येणार नाही.

याच काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांनी आणि आकाशवाणीने त्यांचा आवाज घरोघरी पोहोचविला. बाबूराव पेंटर यांच्या १९३७ सालच्या ‘प्रतिभा’ या बोलपटातही त्यांनी काम केले. तथापि त्यांचे मन रमले ते मैफलीतच. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भावगीत, भजन असे सर्व प्रकार त्या सारख्याच तन्मयतेने गात. रागाचे शास्त्र न जाणणारा श्रोताही त्यांच्या गाण्याने सुखावत असे आणि जाणकाराला त्यात उणे काढण्यास जागा सापडत नसे.

१९३७ हे वर्ष या कुटुंबाला दुःखाचे गेले. दक्षिणेत प्रवासात असताना अब्दुल करीम खाँ यांचे एका रेल्वे स्थानकावर निधन झाले. मिरजेस त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. संसार दुभंगला होता, नावे बदलली होती. परंतु पित्याकडून आलेले स्वर मुलांच्या गळ्यातून कोणी काढून घेऊ शकले नव्हते. खाँसाहेबांच्या पश्चात किराना घराण्याची गायकी महाराष्ट्रात ज्यांनी जागती ठेवली, त्यांत त्यांची ही मुले अग्रभागी होती. धाकटी बहीण सरस्वती राणे हिचा आवाज १९४३ सालच्या ‘रामराज्य’ या चित्रपटामुळे देशभर गाजला. पुढे या दोघी बहिणी एकत्र बसून जुगलबंदी गाऊ लागल्या, हाही स्त्रियांच्या गायनातील एक नवा पायंडा होता. १९५३ साली सुरेशबाबूंचे निधन झाले. बंधू आणि गुरू दोन्ही एकाच वेळी गेले. त्यांच्यामागे राहिलेल्या शिष्यांना हिराबाईंनी मायेने जवळ केले. डॉ. प्रभा अत्रे यांच्यासारख्या विख्यात गायिकेने या दोघा भावंडांकडूनच विद्या घेतली. स्वतः कष्टाने मिळविलेली विद्या देताना हिराबाईंनी हात आखडता घेतला नाही.

कीर्ती वाढली तशी मानसन्मानांचीही वाढ झाली. रसिकांनी त्यांना गानहिरा म्हणून गौरविले. भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून त्या चीनला जाऊन आल्या. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हा किताब त्यांना लाभला. एके काळी गाणाऱ्या स्त्रीला घराच्या ओटीवरही न घेणारा समाज आता त्यांच्या स्वागतासाठी उभा राहत होता. समाज बदलला होता, आणि तो बदलण्यास हिराबाईंच्या आयुष्यभराच्या वागणुकीची मदत झाली होती. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

थोर मातापित्यांच्या पोटी जन्म होणे हे आपल्या हाती नसते. तो वारसा कोणाला तारतो, तर कोणाला त्याच्या सावलीतच खुरटवून टाकतो. हिराबाईंना पित्याची विद्या मिळाली, पण पित्याचे नाव मिळाले नाही. मातेचे धैर्य मिळाले, पण मातेच्या माहेरचे वैभव मिळाले नाही. जे मिळाले ते त्यांनी परिश्रमाने वाढविले आणि जे हरपले त्याबद्दल कुरकुर करीत बसल्या नाहीत.

आज रत्नागिरीच्या नाट्यगृहात संगीत नाटकाचा पडदा वर जातो, तेव्हा सुभद्रेच्या वेषात एखादी मुलगी निर्भयपणे पुढे येते. प्रेक्षकांत तिचे आईवडील अभिमानाने बसलेले असतात. तिच्या मनात लोक काय म्हणतील ही भीती नसते. ती भीती दूर करण्यासाठी कोणी तरी आधी तिला तोंड दिलेले असते, आणि तेही आवाज चढवून नव्हे, तर आवाज सुरात लावून.