राजर्षी शाहू छत्रपती आणि एक चहाचे दुकान

थोर पुरुषांची स्मारके पुष्कळ प्रकारची असतात. कोणाची स्मृती किल्ल्यांच्या तटांवर कोरलेली असते, कोणाची ग्रंथांत, तर कोणाची धरणांत आणि विद्यालयांत. कोल्हापूरचे अधिपती राजर्षी शाहू छत्रपती ह्यांची स्मृती ह्या सर्वांत आहेच. परंतु ती एका लहानशा चहाच्या दुकानाशीही कायमची जोडली गेली आहे. ते दुकान आज अस्तित्वात नाही. तरीही महाराष्ट्रात आजवर जी सहस्रावधी दुकाने व उपाहारगृहे उघडली आणि काळाच्या ओघात बंद पडली, त्यांत ह्या एका दुकानाची आठवण ठेवणे समाजाच्या दृष्टीने अत्यंत अगत्याचे आहे. म्हणून महाराजांचे अल्प चरित्र त्या दुकानाच्या अनुषंगाने समाजबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. पित्याचे नाव जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब व मातेचे राधाबाई. कोल्हापूरच्या राणी आनंदीबाई ह्यांनी 17 मार्च 1884 रोजी त्यांना दत्तक घेतले आणि वयाच्या दहाव्या वर्षी यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्याची सूत्रे प्रत्यक्ष हाती घेतली, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

प्रजेच्या पोटाची चिंता ही त्यांच्या राज्यकारभाराची पहिली पायरी होती. 1895 साली त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली व पुढे तेथील गुळाचा व्यापार नावारूपास आला. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडून गोरगरिबांना आधार दिला. 1906 साली शाहू मिलची उभारणी झाली. पुढे काळ पालटला आणि त्या मिलचा भोंगाही बंद पडला, हे वाचकांस ठाऊक असेलच. राधानगरीच्या धरणाचे काम त्यांच्याच दूरदृष्टीने सुरू झाले. बाजारपेठ, गिरणी व पाणी ह्यांवाचून प्रजेला स्वावलंबन नाही, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु पेठ वसली म्हणजे तीत सर्वांना समान प्रवेश मिळतोच असे नाही. वेदोक्त प्रकरणात जातिभेदाचा चटका स्वतः महाराजांनाही बसला. राजाची ही गत, तर रंकाची काय, हा विचार त्यांच्या मनात खोल रुजला. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उघडविली. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. खेड्यातील मुलांना शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्या शिक्षकास ह्या एका हुकुमाचे मोल शब्दांत सांगता येणार नाही.

आता त्या दुकानाची कथा. गंगाराम कांबळे नावाचा एक अस्पृश्य समाजातील नोकर महाराजांच्या पागेत चाकरीस होता. महाराज परगावी गेले असता, वरिष्ठ जातीच्या नोकरांसाठी असलेल्या पाण्यास शिवल्याच्या कारणावरून त्यास बेदम मारहाण झाली. महाराज परत येताच गंगारामाने आपली व्यथा त्यांच्या कानी घातली. महाराजांनी अपराध्यांस कठोर शासन तर केलेच. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. गंगारामाने चाकरी सोडून स्वतंत्र धंदा करावा, असे त्यांनी सुचविले व त्यासाठी द्रव्यसाहाय्यही दिले.

गंगारामाने कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले व त्यास सत्यसुधारक असे नाव दिले. दुकान स्वच्छ होते. चहाही उत्तम होता. पण गिऱ्हाईक फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास कोण धजणार? ही वार्ता महाराजांपर्यंत पोहोचली. मग त्यांनी दुकानदारांना उपदेश केला नाही की नवा हुकूम काढला नाही. ते आपली गाडी त्या दुकानाशी उभी करीत, गंगारामाला हाक मारून चहा मागवीत, भर रस्त्यावर लोकांसमक्ष तो पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजीत. छत्रपतींनी पुढे केलेला पेला नाकारण्याची छाती कोणाची होणार? हळूहळू लोकांची भीड चेपली. पुढे त्यांनी गंगारामास सोडा तयार करण्याचे यंत्रही मिळवून दिले.

ह्या गोष्टीचे महत्त्व आमच्या पिढीस चांगले कळते. बीबीसारख्या गावात चहाच्या दुकानापुढील बाकडे म्हणजे गावाचे सभागृहच असे. मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावरील एस.टी.ची वाट पाहत तेथे पिकापाण्याच्या, सोयरिकीच्या आणि राजकारणाच्या गोष्टी रंगत. ती दुकाने एकामागून एक मिटली. त्यांची आठवण निघाली की माझ्या वयाची माणसे हळवी होतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु खेड्यापाड्यांतून असल्याच काही दुकानांत बाहेरच्या खुंटीला वेगळ्या कपबशा टांगलेल्या असत आणि पिणाऱ्याने त्या स्वतःच विसळून ठेवाव्यात, असा रिवाज होता, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. भारताच्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात दुकाने व उपाहारगृहे ह्यांचा नावानिशी उल्लेख करून ती सर्वांस खुली केली. 1955 साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला. तरी त्या खुंट्या निघण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. महाराजांनी जे काम एका पेल्याने आरंभिले, ते किती कठीण होते, हे ह्यावरून दिसून येईल.

1919 साली महाराजांनी संस्थानातील सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले करण्याचे हुकूम काढले. मार्च 1920 मध्ये माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अशा रीतीने आपल्या विदर्भाच्या भूमीसही त्यांच्या कार्याचा स्पर्श झाला. 6 मे 1922 रोजी मुंबई येथे वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते कालवश झाले. त्यानंतर काही वर्षांतच गंगाराम कांबळे ह्यांनी पुढाकार घेऊन, समाजबांधवांकडून वर्गणी जमवून, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. राजाने चहावाल्यास उभे केले आणि चहावाल्याने राजाचे स्मारक उभे केले. ऋणानुबंधाचे असे उदाहरण इतिहासात विरळाच आढळते.

आपल्या समाजातील तरुण आज शेतीच्या जोडीला दुकाने व खानावळी काढीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना भांडवलाइतकीच गिऱ्हाइकाची गरज असते. नव्याने धंद्यात उतरलेला तरुण आपल्या समाजाचा असो वा दुसऱ्या कोणत्याही समाजाचा, त्याच्या दुकानाची पायरी आपण मुलाबाळांसह चढावी. जुन्या दुकानांची गोडी मुलांना अवश्य सांगावी; मात्र त्या बाकड्यावर कोणास बसता येत नव्हते, हेही त्यांना सांगावयास विसरू नये. दुकाने निघतात आणि बंद पडतात. परंतु ज्या दुकानात माणसाला माणूस म्हणून पेला मिळाला, ते दुकान लोकांच्या स्मरणात चालूच राहते.

राजर्षींच्या पावन स्मृतीस आपणा सर्वांतर्फे विनम्र अभिवादन करून हा अल्प लेख पुरा करतो.