ताप उतरला, पाऊल मागे राहिलं

एक फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. विटलेल्या कपड्यांतली एक बाई गालाशी हात नेऊन दूर कुठेतरी बघतेय. दोन मुलं तिच्या दोन्ही खांद्यांशी तोंड लपवून उभी आहेत, मांडीवर तान्हं बाळ आहे. कपाळावर काळजीच्या रेघा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर १९३६ साली काढलेला हा फोटो ‘मायग्रंट मदर’, म्हणजे पोटासाठी गाव सोडलेली आई, या नावाने जगभर गाजला. त्यातली आई सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण हा फोटो काढणारीही एक बाईच होती आणि ती एका पायाने अधू होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिचं नाव डोरोथिया लँग.

डोरोथियाचा जन्म २६ मे १८९५ चा, न्यू यॉर्क शहरासमोर नदीपलीकडे असलेल्या होबोकेन गावातला. घर खाऊनपिऊन सुखी, वडील वकील. १९०२ साली, सात वर्षांची असताना, तिला पोलिओ झाला. हा आजार विषाणूमुळे होतो हेसुद्धा तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ते कळलं १९०८ मध्ये आणि लस यायला १९५५ साल उजाडलं. त्यामुळे पोर जगली, ताप उतरला, यातच घरच्यांनी देवाचे आभार मानले असतील. पण तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा अशक्त झाला, पाऊल वाकडं राहिलं. ती जन्मभर लंगडत चालली.

पोलिओचा विषाणू शरीरात काही आठवडेच राहतो. पण तेवढ्यात तो पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मारून जातो. चोर निघून जातो हो, पण गेलेली वस्तू काही परत येत नाही. तसंच हे.

शाळेतली मुलं डोरोथियाला लंगडी म्हणून चिडवायची. ते एक वेळ सोसता येतं. पण तिला जास्त लागलं ते आईचं वागणं. रस्त्यात कुणी ओळखीचं दिसलं की आई हळूच बजावायची, जमेल तेवढं नीट चाल म्हणून. आई काही दुष्ट नव्हती. लोक काय म्हणतील, ही भीती आपल्याकडच्या आयांना असते तशीच तिलाही होती. पण आपला पाय ही लपवायची गोष्ट आहे, हे त्या लहान मुलीच्या मनात पक्कं बसलं. पुढे मोठी झाल्यावर लांब घागरे आणि पँट घालून ती पाऊल झाकत राहिली.

डोरोथिया बारा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. पुढे तिने वडिलांचं आडनाव टाकून आईचं माहेरचं आडनाव, लँग, लावलं. आईने न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीतल्या वाचनालयात नोकरी धरली आणि लेकीला तिथल्याच शाळेत घातलं. घरी परतताना कधी कधी ती एकटी असायची. वाटेत दारू पिऊन पडलेली माणसं असत. पळता तर येत नव्हतं. मग कुणाची नजर आपल्यावर थांबणारच नाही असा चेहरा करून चालायचं, हे ती शिकली. ही विद्या पुढे तिच्या धंद्यात कामी आली.

शिक्षण संपलं तेव्हा हातात कॅमेराही नव्हता, तरी तिने फोटोग्राफर व्हायचं ठरवलं. न्यू यॉर्कच्या स्टुडिओंमध्ये उमेदवारी केली. १९१८ मध्ये मैत्रिणीबरोबर जग बघायला निघाली, पण सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्यावर पैसेच चोरीला गेले. रडत बसली नाही. एका दुकानात नोकरी धरली आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा स्टुडिओ थाटला. चित्रकार मेनार्ड डिक्सन यांच्याशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. श्रीमंत घरातली माणसं तिच्याकडे फोटो काढून घ्यायला येऊ लागली.

मग १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. लाखो लोकांचा रोजगार गेला. आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून डोरोथियाला रस्त्यावर भटकणारे बेकार दिसायचे. एक दिवस ती कॅमेरा घेऊन खाली उतरली. फुकटच्या भाकरीसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा तिने १९३३ मध्ये काढलेला फोटो आजही नावाजला जातो. १९३५ पासून ती सरकारी योजनेसाठी खेड्यापाड्यांतल्या कष्टकऱ्यांचे फोटो काढू लागली. त्याच वर्षी पहिलं लग्न मोडलं आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक पॉल टेलर यांच्याशी दुसरं झालं.

धुळीतून, उन्हातून, जड कॅमेरा उचलून हे काम चालायचं, तेही अधू पायाने! पण इथे एक गंमत झाली. मजुरांच्या तळावर लंगडत येणारी बाई बघून लोकांना तिचा परकेपणा वाटेना. ही धडधाकट शहरी बाई आपल्यावर मेहेरबानी करायला आलेली नाही, हे त्यांना न सांगता कळायचं. लंगडेपणाने आपल्याला मान खाली घालायलाही लावली आणि माणसांपर्यंत पोचवलंही, दोन्ही खरं आहे, असं ती उतारवयात मानत असे.

मार्च १९३६ मध्ये महिनाभराचा दौरा आटोपून ती पावसात एकटीच मोटार चालवत घरी निघाली होती. निपोमो गावाजवळ मजुरांच्या तळाची पाटी दिसली. ती पुढे गेली, पण मन खाऊ लागलं, म्हणून वीसेक मैलांवरून गाडी वळवून परत आली. तिथे तिला ती सात मुलांची आई भेटली. वय अवघं ३२. फोटो वर्तमानपत्रात आले आणि सरकारने त्या तळावर सुमारे नऊ हजार किलो धान्य-सामान पाठवलं. तोवर ती बाई मात्र दुसरीकडे निघून गेली होती. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं ते १९७८ मध्ये. आपल्या फोटोचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही तिची तक्रार होती. तीही खरीच.

पुढे महायुद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं. डोरोथियाने १९४२ मध्ये काढलेले तिथले फोटो इतके बोलके होते, की लष्कराने युद्ध संपेपर्यंत ते दडवून ठेवले.

आणि मग शरीराने हिशेब मागायला सुरुवात केली. १९४५ नंतर पोटाच्या दुखण्याने ती बेजार झाली, कित्येक वर्षं नीट कामही करू शकली नाही. शिवाय जो पाय पन्नास वर्षं कसाबसा साथ देत होता, तो नव्याने दुखू लागला, थकू लागला. पोलिओ तर लहानपणीच होऊन गेला, मग आता हे काय? डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. आज या त्रासाला ‘पोस्ट पोलिओ सिंड्रोम’ म्हणतात. डॉक्टरांचं त्याकडे नीट लक्ष गेलं ते १९८० नंतर.

हे कशाने होतं? समजा, घरात चार सुना आहेत आणि दोघी निघून गेल्या. उरलेल्या दोघी सगळ्यांचं काम ओढतात. बाहेरून घर छान चाललेलं दिसतं. पण वीस-तीस वर्षांनी त्या दोघीही थकतात. पोलिओतून वाचलेल्या मज्जापेशींचं असंच होतं. मेलेल्या पेशींचं काम त्या आपल्या अंगावर घेतात आणि पुढे कधीतरी दमून जातात. म्हणून असा त्रास सुरू झाला, की अंग मोडून राबण्यापेक्षा कामाला बेताने विश्रांतीची जोड द्यावी लागते.

१९५७ च्या सुमारास डोरोथिया सॅन फ्रान्सिस्कोत फोटोग्राफीचा वर्ग घेत होती. तुम्ही कुठे राहता ते फोटोतून दाखवा, असं तिने विद्यार्थ्यांना सांगितलं. स्वतःचं उत्तर म्हणून तिने काय आणलं? आपल्या वाकड्या, उघड्या पावलाचा फोटो! जे पाऊल आईने झाकायला शिकवलं, तेच वयाच्या साठीनंतर तिने सगळ्यांसमोर ठेवलं. मी राहते ती इथे, या शरीरात.

१९६५ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाने ती गेली. शेवटचे महिने ती न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयासाठी आपल्या फोटोंचं प्रदर्शन तयार करत होती. ते तिच्या पश्चात १९६६ मध्ये भरलं.

आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी पोलिओ होऊन गेलेल्या कितीतरी बायका आज चाळिशी-पन्नाशी ओलांडून घर-संसार, नोकरी करताहेत. त्यांना नव्याने अशक्तपणा जाणवला तर वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. लहानपणी पोलिओ झाला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि हे पोलिओपुरतंच नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा ताप चार-आठ दिवसांत गेला, पण कित्येक बायकांना महिनोन्‌महिने सकाळी उठून कणीक मळता येत नव्हती. २०२० नंतर कोरोनानेही अनेकींना तसाच दीर्घ थकवा दिला. वस्त्यांवर काम करताना मी एकच वाक्य सारखं ऐकते, ताप गेला ना, मग आता काय झालंय हिला? हा प्रश्न सासू विचारते, नवरा विचारतो आणि बाई स्वतःलाही विचारते. मग मुकाट्याने उठून कामाला लागते.

तुमच्या घरात कुणी आजारातून उठलं असेल, तर थर्मामीटर बघून थांबू नका. चार महिन्यांनीही विचारा, अजून काय दुखतंय? आणि ती सांगेल ते खरं माना.