विश्लेषण : मराठे का हरले? हा प्रश्न विचारणारे न. चिं. केळकर

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, की वाघोलीत शाहू महाराजांचे सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी आहे. याच रस्त्यावर पुढे कोरेगाव भीमा. तेथे १ जानेवारी १८१८ रोजी इंग्रज आणि पेशव्यांच्या फौजांत लढाई झाली आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. ती का संपली, याचा जमाखर्च १०० वर्षांनी मांडला तो नरसिंह चिंतामण केळकर यांनी.

कोण होते केळकर?

जन्म २४ ऑगस्ट १८७२, मोडनिंब (आजचा सोलापूर जिल्हा). साताऱ्यात वकिली करत असताना १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांनी त्यांना पुण्यात बोलावले. पुढे ‘मराठा’ आणि ‘केसरी’ या दोन्ही पत्रांचे संपादकपद त्यांनी सांभाळले. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना ‘केसरी’ची धुरा त्यांच्याकडे आली.

इतिहास कशासाठी?

गॅरिबाल्डीचे चरित्र आणि आयर्लंडचा इतिहास त्यांनी मराठीत आणला. पारतंत्र्यातील इतर देश कसे लढले, हे वाचकांना कळावे, हा त्यामागचा हेतू. १९१८ मधील ‘मराठे व इंग्रज’ या ग्रंथात त्यांनी सगळे खापर इंग्रजांच्या कपटावर फोडले नाही. आपल्यातील फूट आणि शिस्तीचा अभावही तपासला. स्वराज्य मागणाऱ्या पिढीला हे ऐकणे सोपे नव्हते.

राजकारणात काय झाले?

ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, केंद्रीय कायदेमंडळातही गेले. टिळकांच्या निधनानंतर मात्र वारे बदलले. गांधीजींच्या असहकाराऐवजी केळकर, बॅ. जयकर आणि डॉ. मुंजे यांनी प्रतियोगी सहकाराचा मार्ग धरला. म्हणजे सरकार जितके देईल तितके घ्यायचे आणि उरलेल्यासाठी भांडायचे. लोक गांधीजींच्या मागे गेले. केळकर पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, पण जनआंदोलनाचे नेतृत्व त्यांच्या हाती राहिले नाही.

वारसा काय?

तीन खंडांतील टिळकचरित्र, नाटके, निबंध आणि ‘साहित्यसम्राट’ ही ओळख. त्यांचा इतिहास मुख्यतः दरबार आणि मुत्सद्द्यांचा. कोरेगावच्या जयस्तंभाला दरवर्षी वंदन करणारे लाखो आंबेडकरी अनुयायी त्याच लढाईकडे वेगळ्या नजरेने, लढलेल्या महार सैनिकांच्या बाजूने पाहतात. त्यामुळे केळकरांचे उत्तर आज अपुरे वाटू शकते. पराभवाचे कारण आधी आपल्यात शोधण्याची त्यांची सवय मात्र जुनी झालेली नाही.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांनी, त्यांचे निधन झाले.