माळरानावर उद्योग रुजविणारे सुमंत मुळगावकर

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भरभराटीमागे शासनाचे धोरण जितके आहे, तितकीच काही उद्योगधुरीणांची दूरदृष्टीही आहे. टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर हे त्यांतील अग्रणी.

५ मार्च १९०६ रोजी मुंबईत जन्मलेल्या मुळगावकरांनी लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. सिमेंट उद्योगातील अनुभवानंतर १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा सहकार्य करार झाला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. मात्र हा करार कधीतरी संपणार आणि त्यानंतर स्वतःच्या बळावर उभे राहावे लागणार, याचे भान मुळगावकरांना होते. पुण्याचा प्रकल्प हे त्या जाणिवेचेच फळ.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. महामंडळाने जमीन, पाणी व रस्ते पुरवावेत आणि उद्योजकांनी कारखाने उभारावेत, अशी ही विभागणी होती. १९६६ मध्ये टेल्कोने येथे पाय रोवला. पिंपरी व चिंचवड मिळून सुमारे ९३० एकरांचा हा पसारा. उजाड माळावर मुळगावकरांनी हजारो झाडे लावून घेतली, तळे निर्माण केले. गाडी बनविण्याआधी त्यांनी गाडी बनविणारी यंत्रे, साचे आणि कुशल हात घडविण्यावर भर दिला. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. नफ्याचा हिशेब मांडणाऱ्याला ही अकरा वर्षे जड वाटली असती. पण येथे तयार झालेल्या कारागिरांचा आणि सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांचा लाभ साऱ्या परिसराला झाला.

या धीराची कसोटी १९८० च्या दशकात लागली. जपानी सहकार्याने चार कंपन्या हलक्या मालमोटारींच्या बाजारात उतरल्या. टेल्कोने १९८६ मध्ये देशी बनावटीची '४०७' आणली आणि त्या स्पर्धेत ती टिकून राहिली.

पत्नी लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाच्या चळवळीत मोलाचे कार्य केले.

अखेरचा काळ मात्र सुखाचा नव्हता. पुण्याच्या कारखान्यात कामगारांचा असंतोष धुमसत असतानाच १ जुलै १९८९ रोजी मुळगावकरांचे निधन झाले. पुढे 'सुमो' या गाडीच्या नावात त्यांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे गुंफली गेली. चाकणपर्यंत पसरलेला वाहनउद्योग पाहताना, त्याची मुळे माणसे घडविणाऱ्या त्या अकरा वर्षांतही आहेत, याचे स्मरण ठेवायला हवे.