मादाम कामा

देशासाठी लढताना ज्याला आपला देशच सोडावा लागतो, त्याला परक्या गावात कोण आधार देतो? पॅरिस शहरात अनेक भारतीय क्रांतिकारकांना असा आधार एका स्त्रीने दिला. त्या म्हणजे मादाम भिकाईजी कामा.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १८६१ रोजी मुंबईतील एका श्रीमंत पारशी घराण्यात झाला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. तेव्हा त्यांनी रोग्यांची सेवा केली. त्यांनाही प्लेग झाला. त्या वाचल्या, पण प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्या युरोपात गेल्या आणि तेथे स्वातंत्र्याच्या कार्यात सामील झाल्या.

राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून द्या, तरच मायदेशी परतता येईल, अशी अट इंग्रज सरकारने घातली. त्यांनी ती नाकारली. १९०७ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथील परिषदेत त्यांनी भारताचा झेंडा फडकवला. त्यावर सूर्य आणि चंद्रकोर होते.

१९०९ नंतर लंडनमध्ये पोलिसांचा पहारा कडक झाला. अनेक तरुण क्रांतिकारक पॅरिसला आले. मादाम कामांच्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडे असे. सावरकर, लाला हरदयाळ, वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय अशा अनेकांना त्यांचा आधार मिळाला.

जुलै १९१० मध्ये, कैदी म्हणून भारतात नेले जात असताना, सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून समुद्रात उडी घेतली. ते किनाऱ्यावर पोहोचले. पण पोलिसांनी त्यांना पुन्हा पकडून नेले. फ्रान्सच्या भूमीवर आलेल्या माणसाला असे नेता येते का? मादाम कामा व त्यांच्या मित्रांनी हा प्रश्न फ्रान्समध्ये जोराने मांडला. तो हेग येथील न्यायालयापर्यंत गेला. १९११ साली निकाल विरुद्ध लागला, तरी साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स व इंग्लंड मित्र झाले. मग मादाम कामांनाच नजरकैदेत राहावे लागले. इतरांना आसरा देणाऱ्या या बाईंना स्वतःच्या घरी मात्र तीस वर्षांहून अधिक काळ येता आले नाही. अखेर शरीर थकले, पक्षाघात झाला. राजकारणापासून दूर राहण्याचे मान्य करून १९३५ साली त्या मुंबईत परतल्या. १३ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, घर सोडावे लागलेला माणूस तुमच्या दारी आला, तर मादाम कामांची आठवण ठेवा.