ग्रेस हॉपर: कंपायलरला लायब्ररी शोधायला लावणाऱ्या बाई

तुम्ही पायथनचं एखादं सायंटिफिक पॅकेज टाकायला घेता, स्क्रीनवर दोनशे ओळी धावतात आणि शेवटी लाल अक्षरात कळतं की इन्स्टॉल फसलं. थोडं वर स्क्रोल केलं की खरं कारण दिसतं: पायथन.एच नावाची फाइल सापडली नाही. आता पायथन तर मशीनवर आहे, पाच मिनिटांपूर्वी चालवून पाहिलं होतं. मग सापडलं नाही ते काय? उत्तर खाली देतेच. पण आधी ग्रेस हॉपर यांची ओळख करून घेऊ, कारण तयार कोडचे तुकडे शोधून जोडायचं काम माणसाने करायचं की मशीनने, हा वाद त्यांनीच पहिल्यांदा जोरात घातला.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. लहानपणी घरातली गजराची घड्याळं एकामागून एक उघडून बसणारी मुलगी. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी, आणि व्हासार कॉलेजात प्राध्यापकी. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना नौदलात जायचं होतं. वय जास्त, वजन नियमापेक्षा कमी, शिवाय गणिताचे प्राध्यापक देशाला कॉलेजातच हवे होते. तरीही सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. पुढच्या वर्षी नेमणूक झाली ती मात्र जहाजावर नाही, हार्वर्डमधल्या मार्क वन या कॉम्प्युटरवर.

हा कॉम्प्युटर ५१ फूट लांब होता. एका गुणाकाराला सुमारे ६ सेकंद! प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी. साइन, कोसाइन अशी गणितं पुन्हा पुन्हा लागायची, म्हणून हॉपर आणि त्यांचे सहकारी चालणारा कोड वहीत उतरवून ठेवत. कुणाला हवा असला की एकमेकांच्या वहीतून नकलून घ्यायचा. माझ्या मते सॉफ्टवेअर लायब्ररीची खरी सुरुवात ही. गंमत वाटते, पण त्यात दोन मोठे त्रास होते. एक, नकलताना अक्षरं बदलायची, बी या अक्षराचा १३ होऊन जायचा. दुसरा त्रास पत्त्यांचा. प्रत्येक तुकडा शून्यापासून सुरू होतोय असं धरून लिहिलेला असे. तो मोठ्या प्रोग्रॅमच्या मध्ये बसवायचा तर आतल्या प्रत्येक पत्त्यात तेवढा आकडा हाताने मिळवावा लागे. गणिताचे पदवीधर असले तरी रात्री अकरा वाजता बेरजा चुकतातच.

(आता तो पतंगाचा किस्सा. १९४७ मध्ये मार्क टू मशीनच्या रिलेत पतंग अडकला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरं. पण बिघाडाला बग म्हणायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे. तो पतंग हॉपरबाईंनी स्वतः पकडला असंही नाही. त्यांनी ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.)

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता. बेरीज आणि नक्कल ही दोन्ही कामं कॉम्प्युटरला उत्तम येतात, तर माणसाने ती का करायची, एवढाच त्यांचा मुद्दा. त्यातून ए-झिरो हा कंपायलर आला आणि मे १९५२ मध्ये त्यांनी त्यावरचा पेपर वाचला. प्रत्येक सबरूटीनला एक नंबर. प्रोग्रॅमरने नंबर क्रमाने द्यायचे. मशीन टेपवरून ते तुकडे आणणार, पत्ते दुरुस्त करणार, सगळं जोडून चालण्याजोगा प्रोग्रॅम देणार. अडचण एकच होती: अजून न आलेल्या तुकड्याकडे उडी मारायची तर पत्ता काय लिहायचा? त्या बास्केटबॉल खेळलेल्या होत्या, तिथला पुढे पास देण्याचा डाव आठवला. मेमरीच्या शेवटी थोडी जागा मोकळी ठेवायची, आधी तिथे उडी मारायची आणि खरा तुकडा आला की त्याचा पत्ता तिथे लिहून ठेवायचा. भारी आहे ना? पण कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असं मानणाऱ्या लोकांना हे पटायला बराच वेळ लागला.

आजच्या व्याख्येने ए-झिरोचं काम बरंचसं लिंकरचं होतं. आणि आपली अडचण समजायला नेमका हाच फरक उपयोगी पडतो.

सी भाषेत लायब्ररीचे दोन भाग असतात. एक, तयार मशीन कोड. दुसरा, हेडर फाइल, म्हणजे आत कोणकोणती फंक्शन्स आहेत आणि त्यांना काय द्यायचं याची यादी. पायथन नुसतं चालवायला पहिला भाग पुरतो, म्हणून उबुंटूसारख्या लिनक्समध्ये हेडर आपोआप येत नाहीत. पिप आधी तुमच्या मशीनसाठी तयार बांधलेलं पॅकेज शोधतं. नाही मिळालं तर सोर्स कोड आणून तुमच्याच मशीनवर कंपाइल करायला घेतं, आणि तेव्हा यादी लागते. उबुंटूवर त्यासाठी पायथन-थ्री-डेव्ह हे पॅकेज टाका. फेडोरावर नावात शेवटी डेव्हल येतं. पायथनच्या दोन आवृत्त्या असतील तर जिच्यासाठी इन्स्टॉल चाललंय तिचंच डेव्ह पॅकेज हवं. मी कुणाचा एरर बघायला बसले की पहिलं हेच तपासते. एचडीएफ-फाइव्हचा हेडर मागितला तर त्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज. हेडर मिळाला पण एरर लिंकरकडून आला, तर दुखणं वेगळं: यादी आहे, माल सापडत नाही.

फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांनी नमपाय पिपने टाकायच्या भानगडीत पडू नये. टर्मक्सच्या स्वतःच्या भांडारात ते बांधून ठेवलेलं आहे, पीकेजी कमांडने घ्या.

हॉपरबाईंकडे परत. १९५३ च्या ए-टू कंपायलरचा सोर्स कोडही ग्राहकांना दिला गेला आणि सुधारणा कळवा असं सांगितलं गेलं. मग इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहायची फ्लो-मॅटिक आली आणि तिचा मोठा ठसा १९५९ पासून आकाराला आलेल्या कोबॉलवर पडला. कोबॉल एका समितीने बनवली, त्या सल्लागार होत्या. त्यांनी एकटीने लिहिली असं म्हणणं बरोबर नाही.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षं चालले! काम काय, तर प्रत्येक कंपनीचा कोबॉल कंपायलर थोडा वेगळा वागायचा, एका मशीनवरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडायचा. कंपायलर प्रमाण भाषेनुसार चालतो की नाही हे तपासणारे टेस्ट प्रोग्रॅम त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, आणि लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. अमेरिकी नौदलाची एक विनाशिका १९९७ पासून त्यांच्या नावाने समुद्रात आहे.